खान्देशात बाईकवर लोकल गाईड घेऊन फिरायचंय? आधी माणूस, मग रूट

दिवाळी झाली की पुण्या-नाशिककडची ओळखीतली पोरं बाईक घेऊन धुळ्याला आमच्याकडे मुक्कामाला येतात, दुसऱ्या दिवशी पहाटे सातपुड्याकडे निघतात, आणि रात्री नऊ-साडेनऊला कधीतरी रेंजमध्ये आल्यावर त्यांचा फोन येतो की भाऊ आम्ही अजून घाटातच आहोत, गाईड अर्ध्यात उतरून गेला, एका गाडीची चेन पडलीये. दर वर्षी थोड्याफार फरकाने हेच. पोरं चांगली आहेत, गाड्याही चांगल्या आहेत, चुकतो तो क्रम. घरी बसून मॅपवर रूट आखतात, रूम बुक करतात, आणि गाईड मात्र शेवटच्या क्षणी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर शोधतात आणि त्याला सांगतात की आम्हाला या या ठिकाणी ने. म्हणजे तो गाईड राहतच नाही, नुसता बोलणारा मॅप होतो, आणि अनोळखी माणसाला नाही म्हणायचं नाही अशी इकडची रीत असल्यामुळे तो सगळ्याला हो म्हणतो.

म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा गाळलात तर चालेल कदाचित, पण उलटापालट करू नका.

## टप्पा १: मोसम आणि एकच भाग ठरवा

खान्देश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे. मॅपवर दोन बोटांत मावतात म्हणून लोक तीन दिवसांत सगळं बसवायला बघतात. पाटणादेवी, चांगदेवचा तापी-पूर्णा संगम, पाल, लळिंगचा किल्ला, प्रकाशा आणि तोरणमाळ असं सगळं एका ट्रिपमध्ये लिहिलेला कागद मी पाहिलाय. त्यात नुसता हायवे होतो, भाग कळत नाही. एका ट्रिपला एक भाग घ्या. तीन दिवस असतील तर नंदुरबारचा सातपुडा (शहादा, धडगाव, मोलगी) घ्या, किंवा चाळीसगाव-पाटणादेवी-गौताळा घ्या, किंवा यावल-रावेरची डोंगरकड घ्या. पहिल्यांदा येणाऱ्याने डोंगरात जायचं असेल तर गाईड घ्याच. नुसत्या तापीकाठच्या सपाटीवर फिरायचं असेल तर खरं सांगायचं तर गाईडची गरज नाही, चहाच्या टपरीवर विचारत विचारत होतं.

मोसमाचं म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी अकरा ते चार हेल्मेट घालून गाडी चालवणं म्हणजे शरीराला त्रास देणं आहे. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो पण चांदसैली घाट, तोरणमाळचा सातपायरी घाट इथे दरडी येतात आणि खालच्या काळ्या मातीचे रस्ते गाडीला सोडत नाहीत.

यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते. दिवाळीनंतर सातपुड्यातली बरीच माणसं ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये कामाला जातात आणि होळीला परत येतात. मग जानेवारीत गेलात तर वाटा माहीत असलेला तरणा माणूस गावात असेलच असं नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा सगळे गावात असतात, पण रस्त्यांवर गर्दी असते आणि सणाच्या दिवसांत कोणाला कामाला बोलावणं बरं नाही. म्हणून तारीख पक्की करायच्या आधी, ज्याला न्यायचंय तो गावात आहे का ते विचारा.

तपासा: तुमच्या कागदावर एकापेक्षा जास्त भागांची गर्दी असेल तर आत्ताच खोडा.

## टप्पा २: माणूस शोधा

इथे "गाईड" असा बोर्ड लावून बसलेली माणसं क्वचितच भेटतील. शोधायचं ते ओळखीतून. मला आजवर चांगली माणसं मिळाली ती आश्रमशाळेतल्या शिक्षकांकडून, गावातल्या किराणा दुकानातून, पोलीस पाटलांकडून आणि जंगलालगतच्या गावात वन समितीच्या लोकांकडून. शहादा किंवा तळोद्याला कोणी ओळखीचं असेल तर त्यांना आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा. बाजाराच्या दिवशी डोंगरावरचे लोक खाली येतात, निरोप त्यांच्याबरोबर जातो आणि उत्तरही त्यांच्याबरोबरच येतं, फोनपेक्षा हे पक्कं.

माणूस निवडताना तीन गोष्टी बघा. तो स्वतः बाईक चालवतो का? हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पायी चालणाऱ्याला वाट माहीत असते पण त्या वाटेवर १८० किलोची गाडी सामानासकट चढेल का हे गाडी चालवणाऱ्यालाच कळतं. दुसरं, तो त्याच भागातला आहे का. आणि तिसरं भाषा. सपाटीवर अहिराणी चालते, धडगावकडे पावरी, मोलगी-अक्कलकुव्याकडे भिली आणि तीही गावागणिक बदलते. शहाद्याचा माणूस तुम्हाला तोरणमाळ फिरवेल, पण मोलगीच्या पुढच्या पाड्यावर तोही तुमच्यासारखाच पाहुणा. सातपुड्यात आडवं जायचं असेल तर दोन गाईड लागतात, एक धडगावपर्यंत आणि दुसरा तिथून पुढे. हा खर्च वाचवायला जाऊ नका.

सावध: शाळेत जाणाऱ्या पोराला "चल रे, गाडीवर फिरवतो" म्हणून घेऊन जाऊ नका. काही झालं तर त्याच्या आईबापाला काय तोंड दाखवणार? मोठा माणूस घ्या आणि त्याच्या घरी सांगून निघा.

## टप्पा ३: बोलणी, आणि रूट त्याच्याबरोबर बसून

आता कुठे रूट. तुमचा कागद बाहेर काढू नका, आधी त्याला विचारा की दादा, तीन दिवस आहेत, कुठे कुठे जाता येईल. मग तो जे सांगेल त्यात तुमची एक-दोन ठिकाणं घालता येतात का ते बघा.

विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे आणि इथेच निम्मे लोक फसतात. "तिथे गाडी जाते ना?" असं विचारलं की उत्तर "जाते" असंच येणार. "लांब आहे का?" विचारलं की सपाटीवरचा माणूस अहिराणीत म्हणणार "आठेच शे ना भाऊ", म्हणजे इथेच तर आहे, आणि ते "आठेच" कधी दोन किलोमीटर असतं कधी वीस. किलोमीटर विचारूच नका. असं विचारा:

- तुम्ही स्वतः त्या रस्त्याने गाडीवर शेवटचं कधी गेलात?
- प्रवासी जीप कुठपर्यंत येते? पुढे का येत नाही?
- वाटेत नाले किती, त्यावर फरशी (बुटका पूल) आहे का, सध्या पाणी किती?
- दोन माणसं बसवून चढ चढतो का, की मागच्याला उतरावं लागतं?
- सकाळी निघालो तर ऊन डोक्यावर यायच्या आत पोचू का?

जिथे जीप थांबते तिथून पुढे भरलेली बाईक नेऊ नये, हा माझा पक्का नियम आहे. चार वर्षांपूर्वी मी स्वतः हा नियम मोडला, बिलगावच्या अलीकडे एका पाड्यावर जायला मधली वाट धरली, गाईड म्हणत होता की इथून पायी जाऊ, मी म्हटलं अरे दहा मिनिटांचं तर आहे. मुरमाड उतारावर पुढचं चाक गेलं, क्लच लिव्हर तुटला, आणि त्या दादांनी आणि पाड्यातल्या चौघांनी मिळून गाडी दोरीने वर ओढली. दोन तास. त्यांच्या दिवसाचं काम माझ्यामुळे बुडालं, ते अजून मनात आहे.

पैशाचं आधीच आणि स्पष्ट बोला. त्याची दिवसाची मजुरी बुडणार आहे, त्याहून जास्तच द्यायला हवं, शिवाय जेवण, आणि तो स्वतःची गाडी आणणार असेल तर त्याचं पेट्रोल वेगळं. रोख द्या, सुट्ट्या नोटा ठेवा, डोंगरात रेंजच नाही तर ऑनलाईन पेमेंट कुठून होणार. अर्धे पैसे निघताना, अर्धे पोचल्यावर. "खूश करू" असलं मोघम बोलू नका, त्यात समोरच्याला मागायचा संकोच होतो आणि तो कमी घेऊन गप्प राहतो.

तपासा: रोजचा मुक्काम कुठे, अंधार पडायच्या आत तिथे पोचतोय का, आणि काही अडलं तर परत फिरायची जागा कोणती, या तिन्हीची उत्तरं गाईडच्या तोंडून आली पाहिजेत.

## टप्पा ४: गाडी आणि कागदपत्रं

मोठी महागडी बाईक लागते हा गैरसमज आहे. इकडे सगळ्यात जास्त दिसतात त्या १०० ते १५० सीसीच्या साध्या गाड्या, आणि त्याच बऱ्या, कारण त्यांचे पार्ट शहादा-तळोद्यातच काय धडगावातही मिळायची शक्यता असते. भारी गाडीचा एखादा सेन्सर गेला तर टेम्पोत टाकून खाली आणण्याशिवाय इलाज नाही.

निघायच्या आठ दिवस आधी करायचं, आदल्या रात्री नाही: ब्रेक शू किंवा पॅड बदलायला आले असतील तर बदला, चेन ताणून ऑईल करा, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल बघा, टायरची नक्षी बघा. आठ दिवस आधी यासाठी की मेकॅनिकने काही ढिलं ठेवलं असेल तर ते गावातल्या गावात कळतं.

बरोबर घ्यायचं ते थोडंच पण नेमकं. क्लच केबल, दोन्ही लिव्हर, स्पार्क प्लग, चेनची लॉक लिंक, पंक्चर किट आणि हातपंप, ट्यूबवाला टायर असेल तर नवीन ट्यूब. टेप, तार, नायलॉनची दोरी. लोक पंक्चर किट घेतात आणि पंप विसरतात, हे इतक्या वेळा पाहिलंय की सांगायची सोय नाही.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी मोबाईलमध्ये डिजिलॉकरला असूद्या, शिवाय झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. इन्शुरन्सबद्दल एक नीट वाचा: पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याला त्यात संरक्षण मिळेल असं धरून चालू नका, पॅकेज पॉलिसी घ्या आणि त्यात मागच्या सीटचं काय लिहिलंय ते बघा. तुमच्या मागे एका घरचा कमावता माणूस बसणार आहे. त्याच्यासाठी चांगलं हेल्मेटही घरूनच न्या, तिथे मिळणार नाही, आणि मागच्यालाही हेल्मेट कायद्याने लागतंच.

सावध: शहादा किंवा तळोदा सोडताना टाकी फुल्ल. वर बाटलीतलं पेट्रोल दुकानात मिळतं कधीकधी, पण त्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

## टप्पा ५: निघायच्या सकाळी

गाईडला मागे बसवायचं की त्याच्या गाडीवर पुढे ठेवायचं? दोन-तीन गाड्या असतील तर तो स्वतःच्या गाडीवर पुढे बरा, तो वळणावर कसा ब्रेक लावतो ते बघून मागच्याला रस्ता कळतो. एकच गाडी असेल तर मागे. तेव्हा खुणा आधी ठरवा, कारण वाऱ्यात आणि हेल्मेटमध्ये बोलणं ऐकू येत नाही. आम्ही असं करतो: डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, पाठीवर दोन थापा म्हणजे हळू, हेल्मेटवर थाप म्हणजे लगेच थांब. पाच मिनिटांचं काम आहे, गावातच सराव करून घ्या.

सामान मागच्या सीटवर बांधून आणतात आणि मग गाईड बसणार कुठे हा प्रश्न पडतो! सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांमध्ये, तेही कमी. ट्रिपल सीट अजिबात नको, घाटात तर नाहीच.

मॅप ऑफलाईन डाऊनलोड करून ठेवा, गाईड असला तरी. आणि घरी एकाला सांगून ठेवा की आज अमुक मुक्काम, रात्री आठपर्यंत फोन नाही आला तर घाबरू नको, उद्या दुपारपर्यंत नाही आला तर या नंबरवर विचार. तो नंबर गाईडच्या घरचा किंवा ज्या शिक्षकांनी ओळख करून दिली त्यांचा.

## टप्पा ६: रस्त्यावर

सपाटीवरचा धोका वेगळा आणि डोंगरातला वेगळा, आणि लोक सपाटीवर ढिले पडतात. शहादा परिसरात हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, बऱ्याच जणांना मागे रिफ्लेक्टर नसतो. रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यात केळीचे ट्रक, कापसाच्या दिवसात कापसाने फुगलेल्या गाड्या, त्यांच्या मागून पुढचं काहीच दिसत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हायवेवरची जड वाहतूक तर आहेच. म्हणून सपाटीचा भाग पहाटे उजाडल्यावर लगेच उरकायचा.

घाटात, म्हणजे राणीपूरवरून तोरणमाळ, तळोद्याकडून चांदसैली घाटाने धडगाव, अक्कलकुव्याकडून देवगोई घाटाने मोलगी, यातला कुठलाही असो, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे लोक आहेत, हात जोडून सांगतो, असं करू नका. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो, जळका वास येतो आणि मग लागतच नाही. वास आला की थांबा, गार होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. वळणाआधी हॉर्न, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही, कारण समोरून माणसांनी भरलेली जीप वळण कापत येऊ शकते.

नाल्याची फरशी: पाणी फरशीवरून वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर थांबायचं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही नाला अचानक भरतो. गाईड काय म्हणतो ते ऐका, आणि तो जा म्हणाला तरी तुम्हाला भीती वाटत असेल तर जाऊ नका. दोघांपैकी एकजण जरी नको म्हणाला तरी थांबायचं, हे सकाळीच ठरवून घ्या.

काळी माती ओली असेल तर चाक आणि मडगार्डच्या मधे इतकी भरते की चाक फिरत नाही. रेटत बसलात की क्लच जळतो. उतरून काडीने माती काढा, वीस पावलं जा, परत काढा, किंवा सरळ मागे फिरा.

मार्च-एप्रिलला मोहाची फुलं वेचायला पहाटे सगळं घर झाडाखाली असतं, पालापाचोळा जाळल्याचा धूर रस्त्यावर येतो, पोरं अचानक धावतात. तेव्हा तिसऱ्या गिअरच्या वर जाऊच नका.

तपासा, दर दीड-दोन तासांनी: पाणी प्यायलात का, गाईड प्यायला का, चेन सैल झाली का, सामानाची दोरी ढिली आहे का.

## टप्पा ७: पाड्यात शिरताना

इथे गाईडचं खरं काम सुरू होतं आणि नेमकं इथेच लोक त्याच्या पुढे पळतात. पाडा म्हणजे गावठाणासारखी चिकटलेली घरं नसतात, एकेक घर शेतात लांब लांब असतं, म्हणजे तुम्ही ज्याला रस्ता समजून गाडी घातलीत ते कोणाचं अंगण असू शकतं. गाडी बाहेर बंद करा, गाईडला पुढे जाऊ द्या, त्याने रामराम करून तुम्ही कोण आणि कशाला आलात ते सांगितलं की मग जा.

फोटो विचारल्याशिवाय नाही, बायकांचे आणि लहान मुलांचे तर नाहीच. देवाच्या जागा, झाडाखालचे लाकडी खांब, मातीचे घोडे दिसले तर हात लावू नका, बूट काढायचे का ते गाईडला विचारा. मोहाची दारू पुढे केली तर नम्रपणे सांगा की गाडी चालवायचीय, कोणालाही वाईट वाटत नाही. आणि जेवण ठेवलं तर थोडं तरी खा, पण निघताना घरच्यांना काय द्यायचं ते गाईडच्या सल्ल्याने द्या. पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका, पुढच्या गाडीमागे ती रस्त्यावर धावतात.

गौताळा, यावल, अनेर अशा अभयारण्यांच्या हद्दीत वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच आत जायचं, गाईड सोबत असला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. आत चूल पेटवायची नाही.

## टप्पा ८: अडलं तर, आणि परतताना

दुपारी तीनला, कुठेही असलात तरी, घड्याळ बघा आणि गाईडला विचारा की आता मुक्कामाला पोचायला किती वेळ लागेल. सूर्य मावळायच्या आत पोचत नसाल तर पुढचं ठिकाण सोडा. शहादा-तळोद्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, रात्री बाईक बंद पडून तिथे उभं राहायची वेळ आणू नका. गाडी बंदच पडली तर ढकलत बसण्यापेक्षा गाडी जवळच्या घरी ठेवा, गाईड ओळख देईल, आणि सकाळी जीपने मेकॅनिक आणा.

पडझड झाली तर धडगाव आणि मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ ला फोन लावा, रेंज कुठल्या टेकडीवर मिळते ते गाईडला आधीच विचारून ठेवलेलं असावं. साप चावला तर दोरीने आवळणं, चिरा देणं काही करू नका, माणसाला न हलवता शांत ठेवा आणि मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या.

आणि परतताना गाईडला फाट्यावर सोडून "इथून जाल ना दादा?" म्हणू नका. बहुतेक जण हेच करतात. संध्याकाळची शेवटची जीप निघून गेलेली असते आणि तो माणूस अंधारात पाच-सात किलोमीटर चालत जातो. म्हणून शेवटच्या दिवसाचा रूट त्याच्या घरापाशी संपेल असाच आखा, अगदी टप्पा ३ लाच. त्याला दारात उतरवा, राहिलेले पैसे घरच्यांसमोर हातात द्या, घेतलेले फोटो कसे पाठवायचे ते विचारा आणि घरी गेल्यावर आठवड्याच्या आत खरंच पाठवा, प्रिंट काढून शिक्षकांच्या पत्त्यावर पाठवले तर अजून बरं.

तिथून निघताना उजेड असेल तरच खाली उतरा. नसेल तर त्याच्याच ओसरीवर झोपा.